तुम्ही वाचवले १,१८६ रुपये!

आज कुंभाच्या कामांवर नाही, रस्त्यावरच्या खड्ड्यांवर नाही, कुणा नेत्यावरही नाही. आज किराण्यावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या रविवारी आम्ही चौघं नाशिकला एका मोठ्या मार्टात महिन्याचं सामान भरायला गेलो होतो. मार्टाचं नाव घेत नाही. त्यांनी काही फसवलेलं नाही आणि मुद्दा त्यांचा नाहीच, माझा आहे. रात्री नऊला घरी पोचलो, तीन मोठ्या पिशव्या ओट्यावर रिकाम्या केल्या. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. शेवटचं पाकीट बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढं आणलंस, मग आता जेवायला काय करायचं?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. डाळ होती, तेल होतं, पोहे होते. पण घरातली मिरची-कोथिंबीर संपलेली, भाजी एक नाही, आणि कांदाही नाही. नाशिक जिल्ह्यात राहतो आम्ही, लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, आणि सहा हजारांची खरेदी करून आलेल्या घरात फोडणीला कांदा नाही! शेवटी पोरांनी नूडल्स खाल्ल्या, आईनं दूधभात खाल्ला आणि आम्ही दोघांनी नाशिकच्या पावभाजीवर रात्र काढली.

जेवणं झाल्यावर बिल हातात घेतलं. हातभर लांब. एकूण रक्कम ६,२४० रुपये आणि तळाला ठळक अक्षरात छापलेलं, तुम्ही वाचवले १,१८६ रुपये. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय, कुणी आकडा पुढे केला की तो कुठून आला हे विचारायची सवय लागलीये. मग वही काढली आणि बिलातल्या एकेका ओळीपुढे खूण करत बसलो. तीन खुणा. जे शिजवून खायचं ते एक, जे पाकीट फोडून तसंच (किंवा दोन मिनिटांत) खायचं ते दोन, आणि साबण-पावडर-फिनेल वगैरे तीन.

शिजवायचं सामान निघालं २,३७० रुपयांचं. तेलाचा डबा, तूरडाळ, मूगडाळ, शेंगदाणे, साखर, चहा, पोहे, रवा, साबुदाणा, मसाले. साबण-पावडर २,१५०. आणि फोडून खायचं १,७२०. बिस्किटं, वेफर्स, नूडल्स, सॉस, फरसाण, चॉकलेटचं काहीतरी, आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यातली आलं-लसूण पेस्ट. पेस्ट तांत्रिकदृष्ट्या पहिल्या खुणेत जायला हवी, पण लसूण सोलायचा कंटाळा म्हणून घेतलेली वस्तू मी शिक्षा म्हणून दुसऱ्या खुणेत टाकली.

आता ते १,१८६. हे वाचले कशाच्या तुलनेत? छापील किमतीच्या, म्हणजे एमआरपीच्या. एमआरपी म्हणजे त्याच्यावर विकायचं नाही अशी मर्यादा. तो आकडा छापतो माल बनवणारा. त्याच्या खाली कितीलाही विकायला दुकानदार मोकळा. आपल्या बाजारपेठेतला दुकानदारसुद्धा डाळ-साबण सगळं छापील किमतीला विकत नाही, दोन-पाच रुपये सोडतोच. फक्त तो तळाला "तुम्ही वाचवले" असं छापत नाही, कारण तो मुळात बिलच देत नाही.

म्हणून सोमवारी तीच यादी घेऊन आपल्या बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानात गेलो आणि भाव विचारून लिहून घेतले. शेठ म्हणाले, "काय हो, पेपरात छापता का काय?" म्हटलं, छापलं तरी नाव नाही टाकत. शिजवायचं सामान तिथे २१५ रुपयांनी महाग पडलं, साबण-पावडर २६० रुपयांनी. फोडून खायच्या वस्तूंचा हिशेब मी धरलाच नाही, कारण त्यातल्या निम्म्या मी इथे मुद्दाम जाऊन कधीच आणल्या नसत्या. म्हणजे खरी बचत ४७५. मार्ट स्वस्त आहे, हे कबूल करायलाच हवं. पण त्र्यंबक ते नाशिक जाऊन-येऊन साठ किलोमीटर, आमची जुनी गाडी लिटरला पंधरा देते, पेट्रोल शंभरच्या वर. चारशेच्या पुढे तिथेच गेले. उरले साठेक रुपये. त्यात चौघांची पावभाजी बसत नाही हो.

हे एका घरचं, एका महिन्याचं बिल आहे. सर्वेक्षण वगैरे नाही. दुचाकीवर जाणाऱ्याचा, सिटीलिंकच्या बसनं जाणाऱ्याचा, किंवा सातपूरला रोज कामालाच जाणाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल, आणि त्याला मार्ट परवडतही असेल. पण आपापलं बिल एकदा या तीन खुणांनी तपासून बघा एवढंच म्हणतोय. साठ रुपये वाचवायला गेलो आणि १,७२० रुपयांचं असं सामान घेऊन आलो, ज्याची यादी घरून निघताना कुणाच्याच डोक्यात नव्हती. मार्ट चालतं ते यावरच. डाळ-तेल-साखर कमी नफ्यात द्यायची, आणि तिथपर्यंत पोचायच्या वाटेवर बाकीचं मांडून ठेवायचं. बिल करायच्या रांगेत उभं राहिलं की चॉकलेट बरोब्बर पोराच्या हाताच्या उंचीवर असतं, ते काय योगायोगानं?

आता कुणी म्हणेल, भाऊ, म्हणजे परत बाजारपेठेत उधारीच्या वहीवर जायचं का? नाही. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही, कारण ते सोनं मी जवळून पाहिलंय.

परवा त्या दुकानात भाव लिहून घेत होतो, तेव्हा हर्सूलकडच्या पाड्यावरची एक बाई बाजूला उभी होती. माझ्या आधी आलेली. तिला अर्धा किलो तेल आणि पावशेर डाळ हवी होती. माझ्यामागून आलेल्या दोघांचं सामान बांधून झालं, एका लॉजवाल्याची गोणी निघाली, तरी ती उभीच. मी सांगितल्यावर तिच्याकडे लक्ष गेलं. तिनं भाव विचारला नाही, पुडी वजनावर नीट बघितली नाही, पैसे दिले आणि गेली. ती उद्या नाशिकच्या मार्टात गेली तर तिलाही तीच ट्रॉली, तीच रांग, तोच भाव. एखादी वस्तू हातात घेऊन, उलटीपालटी करून परत ठेवली तर कुणी डोळे वटारणार नाही. आपल्या व्यापारी मंडळींनी मार्टाच्या नावानं बोटं मोडण्याआधी याचा विचार करावा. गिऱ्हाईक फक्त पाच रुपयांसाठी तुटत नाही. आमच्या सौभाग्यवतींचंही तेच म्हणणं, की तिथे कुणी "अजून काय, अजून काय" करत डोक्यावर उभं राहत नाही.

सुट्या मालाचंही तसंच. दर नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, मी स्वतः लिहिल्या आहेत. जुनी, ओल धरलेली भगर किंवा तिचं आधीच दळून ठेवलेलं पीठ, त्याला बुरशी, आणि अख्खं घर दवाखान्यात. अन्न व औषध प्रशासन म्हणूनच सांगतं की भगर सुटी घेऊ नका, पाकीटबंद घ्या, तारीख बघा, पीठ घरीच दळा. तिथे पाकीट बरं. उगाच पाकिटाला शिव्या घालायच्या नाहीत.

फक्त पाकीट वाचता आलं पाहिजे. शाळेत आपल्याला शेक्सपिअर शिकवला, पाकिटाची मागची बाजू कुणी शिकवली नाही.

माझ्या मुलीनं, ती आठवीत आहे, बिस्किटाचा एक पुडा टाकला होता. पुढे हिरव्या रंगात मोठ्ठं लिहिलेलं "रागी", शेजारी नागलीच्या कणसाचं चित्र. किंमत ४० रुपये, वजन १५० ग्रॅम. मी खूश झालो, म्हटलं पोरगी नागली खाते. मग मागे वाचलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यायची असा नियम आहे, सगळ्यांत जास्त जे ते पहिलं. पहिलं होतं मैदा. दुसरं साखर. तिसरं पामतेल. चौथी आमची नागली, कंसात १२ टक्के. (ज्या घटकाच्या नावावर माल विकता त्याची टक्केवारी द्यावी लागते म्हणून ती तरी दिली.) १५० ग्रॅमचे १२ टक्के म्हणजे १८ ग्रॅम. मूठभरसुद्धा नाही. नागलीचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव होता क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला ४९ रुपयांच्या आत. त्या दरानं ४० रुपयांच्या पुड्यात नागली किती रुपयांची? ८८ पैशांची.

८८ पैसे, मंडळी. आणि ही नागली पिकते कुठे? आपल्याच डोंगरउतारावर. वेळुंजे, हर्सूल, ठाणापाडा, पलीकडे पेठ, सुरगाणा. वरकस जमिनीत, जिथे गहू उभा राहत नाही तिथे. रोप तयार करायचं, भर पावसात चिखलात वाकून लावणी करायची, दिवाळीच्या आसपास कापायची, झोडायची, पाखडायची. ज्या बाईला दुकानात शेवटी सामान मिळालं, तिच्या घरात ही नागली कदाचित कणगीत असेल. तिच्या मालाला ८८ पैसे आणि चित्राला ३९ रुपये.

माझ्या मुलीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, रागी म्हणजे आजीची ती काळी भाकरी? नाही ना?" तिला खरंच माहीत नव्हतं. दोष कुणाचा? आम्ही घरात नागलीची भाकरी केली शेवटची, ती मागच्या वर्षी आईच्या हट्टापायी.

नागलीत काय आहे ते आता सगळे सांगतात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा फलक लागले, भाषणं झाली, मीही दोन बातम्या केल्या. शंभर ग्रॅम नागलीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही. एका भाकरीला साठेक ग्रॅम पीठ धरा, दोनशे मिलिग्रॅमच्या वर झालं. त्या बिस्किटाचा अख्खा पुडा खाल्ला तर साठेक मिलिग्रॅम नागलीतून येतं, आणि सोबत मैदा-साखर-पामतेल मिळून जे पोटात जातं ते वेगळंच.

पामतेलाचं निघालं म्हणून सांगतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा, इंडोनेशिया-मलेशियातून आलेल्या. २०२२ च्या दिवाळीला सरकारनं शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. तेव्हा रांगेतल्या बायका "हे कुठलं तेल?" विचारत होत्या. आता बिस्किटात, फरसाणात, वेफर्समध्ये, नूडल्समध्ये तेच जातं आणि कुणी विचारत नाही. एकेकाळी आपल्या भागात घाण्यावरचं खुरासणीचं तेल असायचं. आई अजून म्हणते, खुरासणीच्या चटणीशिवाय नागलीची भाकरी घशाखाली उतरत नाही. खुरासणी आजही डोंगरावर पेरतात, पण आमच्या घरातल्या डब्यात ती शेवटची कधी होती ते कुणाला आठवत नाही.

तेलाच्या पिशवीचंही एक बघा. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पूर्वी तेलासारख्या वस्तूंची पाकिटं ठरावीक मापातच काढायचं बंधन होतं, आता ते नाही. त्यामुळे दिसायला लिटरचीच वाटणारी पिशवी ८५० ग्रॅमची, ८०० ची, त्याहून कमीचीही असते. "इथे दहा रुपयांनी स्वस्त" म्हणून आनंदानं उचललेली पिशवी मापात मारते. यावर उपाय पाकिटावरच असतो, एमआरपीजवळ बारीक अक्षरात, एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पैसे पडतात तो आकडा. तो बघायचा, बाकी सूट-बिट सोडून द्यायची. चाळिशीनंतर चष्म्याशिवाय तो दिसत नाही हे खरं. पोरांना वाचायला लावा, गणितही होईल.

करांचं गणित तर आणखी मजेशीर. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्यावर, पिठावर, डाळीवर ५ टक्के जीएसटी आला, २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. सुट्या धान्यावर नाही. मग २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले. बिस्किटं १८ टक्क्यांवर होती ती ५ वर आली, नूडल्स, सॉस, फरसाण १२ चे ५ झाले. चांगलंच झालं, स्वस्ताई कुणाला नको? पण आता चित्र असं की पाकिटातलं निव्वळ नागलीचं पीठ आणि ८८ पैशांच्या नागलीचं बिस्किट सरकारच्या लेखी एकाच पंगतीत. एखादा बचत गट नागलीचं पीठ पाकिटात भरून, लेबल लावून, नियमानं विकायला निघाला की तो त्याच ५ टक्क्यांच्या रांगेत. नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर सुटेल, पण दुकानात मोठ्या कंपनीशेजारी उभं राहायचं म्हटलं की हिशेबनीस आलाच.

आणि रेशन. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा यादीतल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य फुकट मिळतं, आपल्याकडे तांदूळ आणि गहू. ज्या पाड्यावर आखाडात चूल थंड असायची तिथे आता ती पेटते, या योजनेला नावं ठेवणाऱ्यानं पावसाळ्यात एकदा ठाणापाड्याच्या पलीकडे जाऊन यावं. पण २०१३ च्या मूळ कायद्यात भरडधान्यही आहे, ते इथल्या रेशन दुकानात माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही. नागली पिकवणाऱ्याच्या घरातही आता तांदूळच शिजतो. मग नागली पेरायची कुणासाठी? एका शेतकऱ्यानं मला हेच विचारलं. पूर्वी पाच पोती व्हायची त्याची, यंदा दीड झाली. म्हणाला, "खानार कोन, भाऊ? तुम्ही खाता का?"

मी गप्प बसलो. बातमीसाठी प्रश्न विचारायला गेलेल्याला कुणी उलटा प्रश्न विचारला की असंच होतं.

त्यानंतर घरी येऊन मी सौ.ना म्हटलं, आठवड्यातून दोनदा नागलीची भाकरी करायला काय हरकत आहे? तिनं शांतपणे परात माझ्यापुढे ठेवली. आता हा भाग लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पाणी उकळायचं, त्यात पीठ सोडायचं, उकड काढायची, हात भाजत असताना मळायची, मग थापायची. गव्हासारखी ती धरून राहत नाही. माझ्या पहिल्या भाकरीचे चार तुकडे झाले, दुसरीचे दोन, तिसरी तव्यावर जाईपर्यंत आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली. पाऊण तासात तीन भाकरी. ती शाळेतून साडेपाचला येते, पोरांचा अभ्यास, आईची औषधं, आणि साडेसातला सगळ्यांना भूक. नूडल्सचं पाकीट आळसानं येत नाही घरात, वेळेच्या मारामारीतून येतं. आम्हा पुरुषांनी "आमच्या आईच्या हातची भाकरी" वगैरे पोस्टी टाकायच्या आणि भाकरी दुसऱ्यानं थापायची, हे मला आता लिहिता येणार नाही.

मग मधला मार्ग आईनंच काढला. रोजच्या चपातीच्या पिठात चौथा हिस्सा नागलीचं पीठ, कुणाला कळतसुद्धा नाही, थोडी सावळी दिसते इतकंच. सकाळी ताकातली अंबील, दहा मिनिटांचं काम. आणि इडली-डोशाच्या पिठात तांदळाऐवजी निम्मी नागली. मुलीनं डोसा खाल्ला. "रागी डोसा" म्हणून खाल्ला, पण खाल्ला. नावासाठी भांडत नाही.

दळण मात्र त्रासाचं. गिरणीवाले नागली दळायला नाखूश, जात्यात रंग राहतो, पुढच्याचं गव्हाचं पीठ काळं येतं आणि बोलणी त्यांना बसतात. एकट्या माणसाच्या दोन किलोसाठी ते कशाला करतील? दहा घरांचं वीस किलो एकदम नेलं तर करतात, हे मी विचारून आलोय.

आणि इथेच मला मुंबईच्या ग्राहक पंचायतीची आठवण झाली. पत्रकारितेच्या पदविकेला असताना आम्हाला त्यावर एक टिपण लिहायला दिलं होतं, तेव्हा कंटाळा आला होता. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली. महागाईचे, टंचाईचे, भेसळीचे दिवस. त्यांनी काय केलं, तर शेजारपाजारच्या घरांचे गट केले. महिन्याची यादी आधी भरायची, संस्थेनं सगळ्यांचा माल एकदम घाऊकात खरेदी करायचा, तो गटातल्या एका घरी येणार आणि सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. दुकान नाही, काच नाही, एसी नाही, रांगेतलं चॉकलेट नाही. मध्यमवर्गीय बायकांच्या जोरावर ते उभं राहिलं आणि मुंबई-ठाणे-पुण्याकडे हजारो घरं त्यात आली. यातली खरी गंमत स्वस्ताईत नाही, यादीत आहे. यादी घरी बसून, शांतपणे, पोट भरलेलं असताना लिहिली जाते. मार्टात आपण यादी चालता चालता लिहितो, आणि आपला हात धरून दुसराच कुणीतरी लिहितो.

आपल्याकडे एवढी मोठी संस्था उभारा असं कोण म्हणतंय? पण दहा घरं, एक गल्ली, चार वस्तू. नागली, वरई, खुरासणी, तांदूळ. डाळ-तेल-साबण ज्याला जिथे परवडेल तिथून घ्या, मार्टातून घ्या, बाजारपेठेतून घ्या. या चार वस्तू मात्र आपल्या तालुक्यात पिकतात आणि त्यांच्यासाठी नाशिकला जायची गरज नाही. मार्टात मी अर्धा किलो नागली पिठाचं पाकीट पाहिलं, ५८ रुपये. म्हणजे किलोला ११६. दळणाचे पैसे धरूनही शेतकऱ्याला हमीभावापेक्षा जास्त देता येईल आणि आपल्यालाही ते निम्म्याच्या आसपास पडेल.

बाजारपेठेतल्या मंडळींनाही सांगणं आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं. रस्ते रुंद होतायत. रुंद रस्त्यानं भाविक येतील तसं मोठं दुकानही येईल, आज ना उद्या त्र्यंबकमध्येच येईल. तेव्हा साबणाच्या भावात तुम्ही त्यांच्याशी टिकणार नाही. पण दर्शनाला आलेला पुण्या-मुंबईचा माणूस इथून काय नेतो? प्रसाद, रुद्राक्ष आणि परगावच्या कंपनीचं पाणी. तुमच्या दारात "हर्सूलची नागली, यंदाची" अशी पाटी लावून गोणी ठेवली, शेजारी वजनकाटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला, आणि पाड्यावरच्या बाईला तिच्या नंबरानं सामान दिलं, तर ते कुठल्या मार्टाला जमणार आहे? पावसाळ्यात रस्त्याकडेला करटुली, कुरडू, शेवळं, बांबूचे कोंब घेऊन बसणाऱ्या मावश्यांसाठीही कुंभाच्या आराखड्यात एक पत्र्याची शेड आणि नळ एवढी जागा निघावी. त्यासाठी नगरपरिषदेत अर्ज देणार आहे, कुणाला सही करायची असेल तर या.

बाकी, त्या दीड पोतंवाल्या शेतकऱ्याशी बोलणं झालंय. एक पोतं द्यायला तयार आहे, किलोला ५५ रुपये, रोख. आमच्या गल्लीतली सहा घरं झाली, चार अजून हवीत. निवृत्तीनाथांच्या यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत गाडी घेऊन जाऊन येतो. गिरणीवाल्यानं दुपारी दोन ते तीन वेळ दिलीये, दळणाचे पैसे वेगळे. ज्यांना हवी त्यांनी शुक्रवारपर्यंत किती किलो ते सांगा. डबा आपापला आणा, पिशव्या मी देणार नाही.